सरलाबाईंच्या अंगणातला चर

अंजूरचे दौलत पाटील, त्यांचे पंढरी, पंढरींचे केसरीनाथ. आणि केसरीनाथांना मुलगा नसल्यामुळे लग्नानंतरही बापाच्याच जमिनीवर राहिलेली त्यांची एकुलती एक लेक म्हणजे सरलाबाई. त्या जमिनीवर आता ‘खाडीकिनारा’ सोसायटीच्या इमारती उभ्या होत्या आणि पंचाहत्तरी उलटली तरी अध्यक्षपद सरलाबाईंकडेच होते. निवडणूक घ्या, असे म्हणण्याचे धाडस अद्याप कुणाला झाले नव्हते.

त्या रविवारी बागेचा ठेकेदार ठरवायचा होता. इमारतींच्या मागे, कुंपणाच्या भिंतीपर्यंत एक सखल पट्टा पडून होता आणि पावसाळ्यात साऱ्या आवाराचे पाणी तिथे तुंबत असे. तिथे बाग करायची, एवढ्यावरच कमिटीचे एकमत होते.

प्रथम भावेश आला. त्याच्या हातातल्या टॅब्लेटवर हिरवळ होती, कारंजे होते आणि सोंडेतून पाणी उडवणारा सिमेंटचा हत्ती होता.

“मॅडम, भराव टाकून लेव्हल वर घेऊ, वरती लॉन. एकदम रिसॉर्टवाली फीलिंग!”

“रिसॉर्टात लोक दोन दिवस राहतात आणि घाण करून निघून जातात. आम्हांला इथे मरायचे आहे. भराव कुठला?”

“एक नंबर माती, मॅडम. नमुन्याला एक डंपर मागच्या गेटपाशी खाली केलाय ना.”

सरलाबाई उठल्या. साऱ्या कमिटीला मागे घेऊन गेटपाशी गेल्या आणि हातातली काठी त्यांनी त्या ढिगात खुपसली. वर चार बोटे लाल माती. खाली पॉवरलूमवरच्या सुताचे गुंते, थर्मोकोल, गोदामांतल्या सडक्या गोण्या आणि सुताला लावायची खळ, आंबून काळी पडलेली. काठी उपसली तशी तिच्या टोकाला एक चिकट, बुळबुळीत तार लोंबत आली आणि असा भपकारा सुटला की सरलाबाईंनी पदर नाकाला लावला.

“आई, वरून लॉन येणार ना,” त्यांचा मुलगा, सोसायटीचा सेक्रेटरी दीपेश म्हणाला. “खालचं कोण बघतंय?”

“आणि या उकिरड्यातून झिरपलेले पाणी कुठे जाणार?”

“भिंतीखालून पलीकडे. तिकडे शेतच तर आहे.”

पलीकडचे ते शेत रंगूबाईंचे होते. आसपास गोदामे उठली तरी त्यांनी भात लावणे सोडले नव्हते.

सरलाबाईंनी मुलाकडे नीट पाहिले. “दीपेश, घरात तो भिंतभर टीव्ही कुणी पाठवला?”

दीपेशने खिशातून फोन काढला आणि उगाचच त्यात डोके घातले. “दिवाळीचं गिफ्ट आहे ते, आई. सगळेच देतात.”

काठीची घाण धुता आली असती. पण आपल्याच हाताने भरवून वाढवलेल्या या तोंडाला टीव्ही चारून गप्प करता येते, हे कळल्यावर आलेली किळस कुठल्या पाण्याने धुवायची, ते त्यांना सुचेना. तेवढ्यात भिंतीवरून रंगूबाईंचे डोके वर आले.

“सरलाबाय, कसला गं वास हाय ह्यो? काय मेलंय का काय?”

“मेलेले काही नाही, रंगूवहिनी. खाऊन-पिऊन जिवंत आहे.”

कमिटीतले दोघे खोकल्याचे निमित्त करून हसले.

दुसरी ठेकेदार होती वैशाली, वज्रेश्वरीकडची, स्वतःची रोपवाटिका असलेली. तिने पट्टा फिरून पाहिला आणि ती सरळ म्हणाली, “भराव नकोच. सखल आहे तर सखलच ठेवू. कर्दळ लावू, केवडा लावू. जास्तीचं पाणी मात्र चर खणून रस्त्याच्या नाल्यात काढावं लागेल. आणि उतार एकाच बाजूला आहे.” तिने कचरत बोट दाखवले. “त्या जुईच्या मांडवाखालून. ते अंगण कुणाचं?”

“माझे,” सरलाबाई म्हणाल्या.

बिल्डरला जमीन देताना करारात मागून घेतलेला तेवढाच तुकडा. त्यात जुई, अबोली आणि दिवंगत पतींचा दगडी बाक.

“झालं तर मग!” दीपेशचा जीव भांड्यात पडला. “आईच्या अंगणाला कोण हात लावणार? भावेशभाई, तुम्ही लागा कामाला.”

सरलाबाई मात्र भिंतीकडे पाहत होत्या. त्या परकरात होत्या तेव्हाची गोष्ट. उधाणाने केसरीनाथांचा बांध फुटला आणि खाडीचे खारे पाणी उभ्या भातात शिरले. त्याला परत वाट होती ती फक्त शेजारच्या शेतातून. रंगूबाईंचे सासरे विठू यांनी कुणाला न विचारता कुदळ घेतली, स्वतःचा बांध फोडला आणि ते पाणी आपल्या अंगावर घेऊन खाडीला लावले. केसरीनाथांचे भात वाचले, विठूंचे करपले. पुढे केसरीनाथ कणगीभर भात घेऊन गेले, तेव्हा विठूंनी ते दारातूनच परत पाठवले. “बांध फोडलाय मी. भात कसला देतस? येल आली का बघू.” केसरीनाथ मरेपर्यंत ती वेळ आली नाही. जाताना लेकीला ते एवढेच म्हणाले होते, “विठूचे राहिले आहे.”

सरलाबाईंनी काठी जमिनीवर आपटली.

“काम वैशालीबाईंचे. चर माझ्या अंगणातून जाईल.”

“आई! बाबांचा बाक आहे तिथे!”

“बाक उचलता येतो. टीव्हीही उचलता येतो. संध्याकाळच्या आत तो या भावेशभाईंच्या घरी पोचता कर, आणि टेम्पोने नव्हे, स्वतःच्या डोक्यावरून.”

“मॅडम, आपण बसून बोलू...” भावेशने हात जोडले.

“तुमच्यासमोर उभे राहणेच मला जड जाते आहे. हा उकिरडा उचला आणि चालते व्हा.”

दुसऱ्याच दिवशी मशीनने अंगण फाडले. मांडव कोसळला, अबोली मातीखाली गेली. सरलाबाई खिडकीत ताठ उभ्या राहिल्या आणि शेवटच्या फुटापर्यंत तिथून हलल्या नाहीत.

श्रावणात पावसाने थैमान घातले. आवारातले गढूळ पाणी लोंढ्याने आले, सरलाबाईंच्या अंगणातून खळाळत चरातून नाल्याला गेले आणि जाताना उरलीसुरली जुई मुळासकट घेऊन गेले. भिंतीपलीकडे भात तसेच उभे होते.

उघडीप पडल्यावर रंगूबाई गेटमधून आत आल्या. चराच्या काठाशी थांबून त्यांनी आधी त्या उद्ध्वस्त अंगणाकडे आणि मग सरलाबाईंकडे पाहिले.

“आमच्या विठूमामांनी अंगावं घेतलेलं पानी, तसंच तू बी घेतलंस,” त्या म्हणाल्या. “फिटलं गो सरलाबाय. आता काय बी बाकी न्हाय.”