खिळ्यावरची दुसरी चावी

"आता आणखी कोणता कागद पाह्यजे यायले?" विमावाल्याला अंगणात पाहून गुलाबभाऊ दाराआड पुटपुटले, तेव्हा मी त्यांच्या कानाजवळच होते.

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. जुनी वयानं, अंगावर ओरखडा नाही. गोंडपिपरीहून मोटारसायकल घरी आली, त्या दिवसापासून लाल दोऱ्यानं या खिळ्याला लटकले आहे. काम सगळं माझ्या जुळ्या बहिणीनं केलं.

ती कायम गाडीलाच असायची. कुणाला साप चावो, कुणाला कळा येवोत, ज्याला गरज त्यानं गाडी काढावी, विचारणं नंतर. गुलाबभाऊंची बायको रुखमाबाई गावची आशाताई आहे. त्याच गाडीवर मागे बसून ती जंगलातल्या वस्त्यांवर गरोदर बायांना बघायला जायची.

मागच्या वर्षी, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, गाडी अंगणातून गेली. दोन दिवस कुणी चकार शब्द काढला नाही. नेली असेल कोणी दवाखान्यात, आणून लावेल, असंच सगळे समजले. तिसऱ्या दिवशी गुलाबभाऊ ठाण्यात निघाले, तर गावातल्या जाणत्यांनी बजावलं, चावी गाडीला होती म्हणू नका, विमा बुडेल. मग अर्जात लिहिलं, कुलूप तोडून गाडी नेली. आणि माझ्या बहिणीबद्दल लिहिलं, ती चावी आधीच नाल्यात पडली होती.

तेव्हापासून मला मान आला. रुमालात गुंडाळून मला चंद्रपूरला विमा कचेरीत नेत. साहेब उलटीपालटी करून विचारत, हिची जोडी कुठे? मग गाडी सापडली नाही असा पोलिसांचा शेवटचा अहवाल मागितला. तो आणेपर्यंत साहेबच बदलले आणि नव्या साहेबांनी पहिल्यापासून सुरुवात केली. सतरा महिने झाले. रुखमाबाई चिखल तुडवत पायीच वस्त्या करते. परवा एका बाईकडे पोचली, तोवर बाळ होऊन गेलं होतं. सुखरूप होतं, पण घरी येऊन ती जेवली नाही.

मित्रांनो, चाव्या जपा. आणि झालं ते पहिल्याच दिवशी सांगून टाका. मी खिळ्यावरून हेच म्हणत होते. पण चावीला दात असतात, जीभ नसते.

आज कंपनीचा माणूस घरीच आला. खाटेवर बसून त्यानं विचारलं, तक्रार द्यायला दोन दिवस का लागले? गुलाबभाऊंनी नाल्याची गोष्ट सुरू केली. रुखमाबाईनं मला खिळ्यावरून काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"हिची जोडी नाल्यात नाई पडली, साहेब," ती म्हणाली. "गाडीलेच होती. कोणाले लागली तर विचारत बसा लागू नये म्हणून आमीच ठेवत होतो."