चारशे बारा अंडी

माणिकरावांनी गावाच्या ग्रुपवर टाकलेला तो व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे. शाळेच्या स्वयंपाकखोलीत छबूबाई तांदळाच्या पोत्यावर बसलीय, हातात मोबाईल, आणि तोंडाला पदर लावून हसतेय. खाली लिहिलंय : 'पोषण आहाराची बाई गेम खेळण्यात दंग. खिचडी करपली. लेकरं उपाशी. कारवाई झालीच पाहिजे.' चौतीस जणांनी त्यावर अंगठे उठवले. त्यातल्या निम्म्यांची पोरं आमच्या शाळेत नाहीतच, ती रोज पिवळ्या गाडीत बसून परभणीच्या इंग्लिश शाळेत जातात. त्यांना एकाएकी आमच्या खिचडीचा पुळका आला होता.

आणि लेकरं उपाशी नव्हती. छबूबाईनं वरची चांगली खिचडी अलगद काढून सगळ्यांना वाढली होती. करपलं होतं ते बूड.

मी या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. शाळा ताडकळसच्या पुढं आहे. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर माणिकराव त्यावरही ठराव घेतील. ते शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बैठक लावली, विषय एकच, छबूबाईला कामावरून काढणे. आठ वर्षं ती एकशे दहा लेकरांना शिजवून वाढतेय, आणि नवरा गेल्यापासून तिचं घर या एका कामावर उभं आहे.

आता गेमचं सांगते, कारण तो तिच्या फोनमध्ये मीच टाकून दिला.

एक जाडी कोंबडी असते. डोळ्यांवर चष्मा, बुडाखाली सायकल, पुढच्या टोपलीत अंडी. आपण अंगठा टेकवला की ती सायकलसकट उडी मारते. वाटेत कुत्री येतात, म्हशी येतात, एक बोकड तर उगाच रस्त्यात आडवा झोपलेला असतो. आदळली की कोंबडी उठते, पिसं फुलवते आणि आपल्याकडेच रागानं बघत 'कॉक' करते. बस, एवढंच. डोकं नावाची गोष्ट लागत नाही. लहान सुट्टीच्या दहा मिनिटांत मी स्वयंपाकखोलीत जाऊन बसायचे. एक डाव तिचा, एक माझा. बोकडाला बघितलं की छबूबाई म्हणायची, "हे बगा, आमचे अध्यक्ष आले!" आणि आम्ही दोघी हसून लोळायचो. त्या दहा मिनिटांवर माझा उरलेला दिवस निघायचा, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पण तिनं त्यातूनही काम काढलं. गेममध्ये चार मिनिटांनी दिवस मावळतो आणि कोंबडी खुराड्यात जाते. भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद पडलेलं, आणि फोनवरची वेळ खेळताना झाकली जायची. तेव्हा हिचा हिशेब ठरला, तांदूळ-डाळ टाकल्यापासून कोंबडी पाच वेळा खुराड्यात गेली की गॅस बंद. दोन वर्षांत दाणा कच्चा राहिला नाही की बूड लागलं नाही.

त्या दिवशी माणिकराव दोन पाहुण्यांना शाळा दाखवायला आले. शाळेत दाखवण्यासारखं काय आहे देव जाणे. त्यातल्याच एका पाहुण्यानं खिडकीतून तो व्हिडिओ काढला. मग लहान सुट्टी झाली, मी स्वयंपाकखोलीच्या दारात पोचले, तेवढ्यात माणिकरावांनी हेडसरांच्या खोलीतून हाक मारली, "छबूबाई, फाट्यावरनं गरम भजी आण बरं पाहुण्यायला."

"मालक, गॅसवर हंडा हाय. सरजाबाई बी आज न्हाई." सरजाबाई तिची जोडीदारीण, ती रजेवर होती.

"काय हंडा पळून चाललाय का? जा लवकर."

खिचडी शिजवणारी बाई भजी आणायला असते का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी हाताचा खडू झटकत राहिले. हेडसर टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. छबूबाईनं फोन माझ्या हातात दिला. "म्याडम, दोनदा गेलीय खुराड्यात. आजून तीनदा गेली का गॅस बंद करा."

"जा तुम्ही, मी बघते," मी म्हणाले.

आणि मी बघितलं. गेम बघितला! आत वाफ होती म्हणून बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. हात इतका बसला होता की काय सांगू. कुत्री चुकली, म्हशी चुकल्या, बोकडावरून तर तीन वेळा साफ उडी गेली. दोनशे अंडी, मग तीनशे. लहान सुट्टी संपली, पोरं आपोआप वर्गात गेली, मी बसलेलीच. कोंबडी कितीदा खुराड्यात गेली ते मी मोजलंच नाही. छबूबाई फाट्यावरून आली ती भज्यांचा तेलकट पुडा छातीशी धरून पळतच आली. फाटकातच तिला वास आला होता. मला आला नव्हता.

तिनं गॅस बंद केला. माझ्या हातातून फोन घेतला. पडद्यावर चारशे बारा असा आकडा चमकत होता आणि कोंबडी नाचत होती. तिनं आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. आणि पळी घेऊन आत गेली.

संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. एका ओळीत संपलं असतं, 'चूक माझी आहे.' मी ती ओळ सहा वेळा लिहिली आणि सहा वेळा पुसली. म्हशींवरून सायकल उडवणारा अंगठा तेवढं एक बटण दाबायला धजला नाही. माणिकरावांचा राग येत होता, हेडसरांचा येत होता, पण खरा राग माझाच होता. मूग गिळून झोपले.

बैठकीला नऊ जण आले. माणिकरावांनी ठराव वाचून दाखवला आणि शाईची डबी पुढं सरकवली. "कबूल हाय म्हणून अंगठा लाव, म्हंजी विषय मिटला."

छबूबाईनं डबीकडे बघितलं नाही. "पयलं चवीचं रजिस्टर काढा."

रोज लेकरांच्या आधी एका शिक्षकानं खिचडी चाखायची आणि रजिस्टरात सही करायची, असा नियम आहे. हेडसरांनी रजिस्टर उघडलं. कालची तारीख, शेरा 'चव उत्तम', खाली माझी सही. ती सही मी सकाळी हजेरीबरोबरच उरकली होती, तेव्हा तांदूळ धुतलासुद्धा नव्हता. रोज तसंच करते. सगळेच करतात.

"कागद म्हणतोय उत्तम, तुमी म्हणता करपली. खरं काय ते ठरवा," छबूबाई म्हणाली. पिशवीतून तिनं स्टीलचा डबा काढला आणि टेबलावर आपटला. आत हंड्याच्या बुडाची काळी खरवड होती. "जिची सही, तिनं चव घ्यावी."

तिनं माझं नाव घेतलं नाही. गेमचंही काढलं नाही. एका वाक्यात माझी इज्जत मातीला मिळवू शकली असती, आणि तिनं ते माझ्यावर सोडलं.

मी उठले. मोठा घास घेतला. कडू जहर होतं, कोळसा चावल्यासारखं. सगळ्यांच्या देखत चावून गिळला. मग रजिस्टरातलं 'उत्तम' खोडलं आणि 'करपलेली' लिहिलं.

"गॅसवर लक्ष ठेवायला मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी गेम खेळत बसले. छबूबाई तेव्हा इथं नव्हतीच. ती फाट्यावर होती, तुमची भजी आणायला. ठराव करायचाय ना, माणिकराव? करा. माझं नाव घाला, आणि भज्यांचंही लिहा."

कुणी खोकलं. माणिकराव म्हणाले, "म्याडम, तुमी कशाला मदी पडायल्या..." आणि त्यांनी शाईची डबी बंद केली. ठरावाचा कागद हेडसरांनी घडी घालून खिशात टाकला. चोवीस तास बोंबलणाऱ्या ग्रुपवर त्याबद्दल एक अक्षर आलं नाही. तो व्हिडिओ मात्र अजून तिथंच आहे.

छबूबाई कामावर आहे. आता रोज ती पळीभर उकळती खिचडी घेऊन माझ्या वर्गाच्या दारात येते आणि सरळ माझ्या तळहातावर घालते. "आदी चव. मंग सही." हात भाजतो. मी चाखते, मग सही करते.

गेम ती अजून खेळते, आवाज मोठा करून, हेडसरांच्या खोलीत ऐकू जाईल असा. परवा लहान सुट्टीत मी धीर करून तिच्या शेजारी पोत्यावर बसले. तिनं फोन दाखवला, हातात दिला नाही. सगळ्यात वर चारशे बारा, त्याखाली तिचे स्वतःचे आकडे, दीडशेच्या आतबाहेर.

"पुसून टाका ना तो," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. आणि कोंबडीला सायकलवर बसवलं.