अर्पूच्या पायाखालचा पाट

खर्रर्र... खर्रर्र...

घर अगदी गप्प होतं. वसंता कारखान्यात पाळीवर गेलेला. त्याची आई सोनूबाई शेजारच्या क्वार्टरमध्ये वाती वळत बसलेल्या. शीतल मागच्या मोरीत भांडी घासत होती, पण भांड्यांचाही आवाज येऊ देत नव्हती. अशा त्या शांततेत मी शहाबादी फरशीवरून ओढला गेलो.

मित्रांनो, असा खरखरत मला ओढणारी या घरात एकच आहे. अर्पिता, वसंता आणि शीतलची लेक. घरची अर्पू. चौथीत शिकते, पण दिसते बालवाडीतली. एरवी ती मला मोरीपाशी नेते, दिव्याच्या बटणापाशी नेते, नाहीतर शेंगदाण्याच्या डब्यापाशी. त्या दिवशी मात्र ती मला वेगळ्याच जागी घेऊन गेली. कुठे, ते समजायला आधीचं सगळं सांगावं लागेल.

मी पाट आहे. कडुनिंबाच्या लाकडाचा. चारही कोपऱ्यांना पितळी फुलं होती, त्यातलं एक केव्हाच निघून गेलं. टेंभुर्णीच्या पुंजाराम सुतारांनी मला शीतलच्या रुखवतासाठी घडवलं. रंधा मारून झाला की ते तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, "पोरगी बसन याच्यावर. कुसळ लागता कामा न्हाई." तेव्हा माझ्या अंगाला तेलाचा वास होता आणि मला वाटायचं, आपला जन्म मानाने बसवून घेण्यासाठीच झाला आहे.

शीतलबरोबर मी इकडे अंकुशनगरला, कारखान्याच्या वसाहतीत आलो. वसंता माझ्यावर बसून जेवला. दिवाळीत उटणं लावलेले पाय माझ्यावर टेकले. अर्पूच्या बारशाला शीतल माझ्यावर बसली होती, मांडीवर एवढंसं गाठोडं घेऊन. मग घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. मला ज्वारीच्या कोठीमागे उभं करून ठेवलं. तिथे कोळ्याने जाळं विणलं. मी वाट पाहत राहिलो.

कोठीमागे जाण्याच्या आधीची एक दुपार मात्र मी विसरलो नाही. अर्पू तेव्हा रांगती होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला आडवी, माझ्यावर डोकं टेकून झोपली होती. चुलीवर दूध उतू जायला लागलं आणि शीतल धावत आली ती लेकराला ओलांडूनच आत गेली.

"अगं अगं, ओलांडलं की लेकराला!" सोनूबाई ओरडल्या. "खुंटतं त्याच्यानं. उलटी ये बरं आल्या पावली, उलटी ओलांड!"

आमच्याकडे असंच मानतात. निजलेल्या लेकराला ओलांडायचं नाही. ओलांडलंच तर मागे फिरून पुन्हा ओलांडायचं, म्हणजे फिटलं.

शीतल हसली. "आत्या, दूध गेलं ना सगळं खाली. आन् मी बी.ए. झाले हो, माझ्या ओलांडण्यानं कोन खुंटतंय?"

"दुधाचं काय घेऊन बसली बाई," एवढं म्हणून त्याही हसल्या. दोघींनी मिळून चूल पुसली. शीतल उलटी आली नाही.

पुढे अर्पू शाळेत जाऊ लागली. बाकीच्या पोरी उसासारख्या सरसर वाढल्या. अर्पूचा पहिलीचा गणवेश तिसरीतही तिला बरोबर बसला. शेजारणी म्हणायच्या, "बरंय की, कपड्याचा खर्चा न्हाई." शीतल हसल्यासारखं करायची. मग तिने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारायला सुरुवात केली. महिन्यातून एकदा, रविवारी, न्हाणं झाल्यावर. अर्पू चौकटीला पाठ लावून उभी राहायची, डोक्यावर पट्टी, पट्टीखाली रेघ. कधी रेघ केसभर वर सरकायची. पुष्कळदा पेन्सिल जुन्याच रेघेवरून फिरायची.

तोवर मी परत कामाला लागलो होतो. अर्पूनेच मला कोठीमागून काढलं, फ्रॉकच्या टोकाने पुसलं, आणि बसण्याऐवजी माझ्यावर उभी राहिली. नळ हाताला लागला तेव्हा ती जी काही हसली, मित्रांनो! बारशातही माझा एवढा मान झाला नव्हता.

आणि मी भिऊ लागलो तेही तेव्हापासूनच. कारण मला शीतल दिसायची. दुपारी अर्पू निजली की ती पाय न वाजवता यायची, दारातून मागे वळून बघायची, साडीचा काठ हातात गोळा करायची आणि लेकराला ओलांडायची. उलट्या दिशेने. एकदा करून तिचं समाधान व्हायचं नाही. मग वळसा घालून ती पुन्हा ओलांडायची. ते फक्त मीच पाहतो, असं मला वाटायचं. लाकडाला बोलता येत नाही, नाहीतर तेव्हाच सांगितलं असतं की बाई, असं काही नसतं.

शेवटी वसंताने दोघींना जालन्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे तपासायचा पलंग उंच होता. दवाखान्यातल्या मावशींनी अर्पूला न विचारता काखेत धरून वर ठेवलं, तान्ह्या बाळाला ठेवतात तसं.  पुढच्या खेपेला अर्पूने मला पिशवीत भरलं.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "ताई, एवढ्याशा लेकराला तिकीट न्हाई लागत."

"मी चौथीत हाय. हाफ द्या," अर्पू म्हणाली.

अख्खी बस हसली. कंडक्टरने पिशवीत डोकावून पाहिलं. "आन् पाट कशाला घेतला? जेवायला चालल्या का कुनाकडं?"

"दवाखान्यात. तिथला पलंग लई उंच हाय."

कंडक्टर हसायचा थांबला. त्याने हाफ तिकीट फाडलं आणि शीतलच्या नाही, अर्पूच्या हातात दिलं.

डॉक्टरबाईंनी हाताचा फोटो पाहिला. "हाडं वयाच्या मागे आहेत," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. तीन महिने वाढ बघू. उंची सरकली नाही तर पुढच्या तपासण्या करू, मग कदाचित इंजेक्शन. रोजचं असतं ते." शीतलच्या कानात फक्त 'रोजचं' शिरलं असावं, कारण तिने माझी पिशवी घट्ट धरली. डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या, "उंची आम्ही मोजतो. पण पोरीचे दिवस कसे जातात, तेही मोजावं लागतं. ते तिलाच विचारू. आई बाहेर बसतील. तुम्हाला वेगळं विचारू."

अर्पूने मला पिशवीतून काढलं आणि माझ्यावर पाय ठेवून ती आपली आपण खुर्चीवर चढली. समोर मोनाली सिस्टर बसल्या होत्या.

"लोक तुला तुझ्या वयापेक्षा लहान समजून वागवतात का? कधीच नाही, कधी कधी, का नेहमी?"

"नेहमी. आत्ता कंडक्टर बी."

"शाळेत उंचीमुळे काही अडतं का?"

"फळा. बाई म्हनतात, खालचा फळा तुझा, वरचा सुमितचा. सुमित लंबू हाय. त्याला खालचं लिहिता येत न्हाई, वाकावं लागतं."

सिस्टर हसल्या. मीही हसलो असतो. मग त्यांनी विचारलं, "कशाची भीती वाटते का गं? सुईची?"

"न्हाई."

"मग?"

अर्पूने पाय हलवायचे थांबवले. तिच्या टाचांचा भार माझ्यावर आला.

"आई मापती त्या दिवसाची."

"मापल्यावर काय होतं?"

"रेघ तिथंच आली की ती जेवत न्हाई. भूक न्हाई म्हनती. मंग भांडे घासती. घासलेले बी घासती." जरा थांबून ती म्हणाली, "मी झोपले असं दाखवते ना, तवा मला ओलांडती. मी डोळे उघडत न्हाई. ती भिईल."

सिस्टरांचं पेन थांबलं. "आईला सांगू का मी हे?"

"नका. उंची कमी हाय ते चालतंय मला. पाट हाय ना. आई भेली की लई भ्या वाटतं."

दार उघडलं. शीतल आत आली. "काय काय विचारलं गं?" तिने ओठ ओले करत विचारलं.

"फळ्याचं," अर्पू म्हणाली.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. एक पाय हलतो, एक फूल गेलेलं आहे. माझ्यावर उभं राहून किती हात नळापर्यंत पोहोचले, हे मी सांगू शकतो. पण एक मागणं आहे. तुमच्या वर्गात कोणी बुटकं असेल तर त्याला विचारल्याशिवाय उचलू नका. त्याच्याजवळ एखादा पाट सरकवून ठेवा, तो आपला आपण चढेल. आणि घरच्या मोठ्यांना सांगा, लेकराच्या डोक्यावर पट्टी ठेवाल तेव्हा पट्टीखालच्या डोळ्यांकडेही बघा. ते डोळे तुमचं माप घेत असतात.

तर तो रविवार. तीन महिने भरले होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. सकाळपासून शीतल अर्पूच्या नजरेला नजर देत नव्हती. आणि अर्पूने मला ओढत नेलं ते नळाकडे नाही, डब्याकडेही नाही. स्वयंपाकघरात भिंतीला लावून तिने मला सरळ मांडलं. माझ्यासमोर ताट ठेवलं. भाकरी वाढली, वरणाची वाटी ठेवली, कोपऱ्यात मीठ वाढलं. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी आणला. किती वर्षांनी माझ्यापुढे ताट आलं होतं!

शीतल मोरीतून हात पुसत आली. पदराला खोचलेली पेन्सिल तिने काढली. "ये," ती म्हणाली. 

अर्पू अनवाणी चौकटीला जाऊन उभी राहिली. टाचा लाकडाला भिडवल्या, मान सरळ केली. डोक्यावर पट्टी आली. शीतलने पेन्सिल टेकवायला हात वर नेला. तेवढ्यात मान न हलवता, पट्टीखालूनच अर्पूने विचारलं,

"आई, रेघ तिथंच आली तर आज जेवशील का तू?"