तीन गुणांचं ठिकाण

दोन्ही एकाच देशात होते तेव्हा रमीज बोस्नियातून वर स्लोव्हेनियात आला तो बायकोला, झुम्राला, दोन वर्षांत घेऊन जातो असं सांगून. त्याला नऊ वर्षं झाली. फ्रिजच्या कारखान्यात तो दारं बसवायचा आणि कामगारांच्या वसतिगृहात चौथ्या खाटेवर झोपायचा. कारखाना कामगारांनीच चालवायचा, त्यामुळे फ्लॅट कुणाला द्यायचा हे त्यांचीच सभा गुण मोजून ठरवी. कायमचं राहण्याचं ठिकाण इथलं असेल तर तीन गुण जादा, म्हणून रमीजनं कागदोपत्री गाव सोडलं. यंदा फ्लॅट दोन होते आणि त्याचा नंबर दुसरा.

त्याच सभेत ठराव आला: मागास भावंडांना हात द्यायचा, बोस्नियात शाखा काढायची. गाव निघालं रमीजचंच. 'आमच्या घामाचं आम्हीच खाऊ' असं वरचे, म्हणजे स्लोव्हेनियातले, लोक कॉफी पिताना म्हणत आणि सभेत मुकाट हात वर करत. रमीजचा हात सगळ्यांत आधी वर गेला. त्याचे डोळेही भरून आले.

"अभिनंदन, कॉम्रेड रमीज!" अध्यक्ष लुदविक म्हणाला. "गावातच काम आलं. मग इथला फ्लॅट कशाला अडवायचा?"

"पण मी तिकडे लागलो कुठंय अजून?"

"लागाल हो! घरचंच कार्य आहे."

पुन्हा हात वर गेले. एकमत मोडू नये म्हणून रमीजनंही केला. सवय वाईट.

रमीज शाखेत काम मागायला गावी गेला. तिथला अध्यक्ष अव्दो त्याचा शाळेतला सोबती. त्यानं आधी दारू ओतली.

"भावा, जीव तुटतो रे तुझ्यासाठी. पण आमची सभा आमची आहे. आधी गावचे. तू तर कागदावर वरचा!"

"अरे, एका बाकावर बसलो ना आपण?"

"बाकाला गुण नाहीत."

रमीज परत वर आला. झुम्राला मात्र शाखेत काम मिळालं. ती बापडी कधी गाव सोडून हललीच नव्हती.

वर्षानं तिचं पत्र आलं. शाखेनं फ्लॅट बांधले होते. यादीत तिचा नंबर लागला होता. दोन खोल्या, न्हाणीत गरम पाणी. दोन नाही, दहा वर्षांनी घर होत होतं. रमीजला इतका आनंद झाला की खाटेवर बसून तो रडला. मग डोळे पुसून त्यानं उरलेलं वाचलं.

'नवरा दूर असलेल्या बाईला पाच गुण जादा आहेत. त्यावरच नंबर लागलाय. एवढ्यात इकडे फिरकू नकोस.'