बाबुरावांची अर्धी दाढी

ऋग्वेदाला लहानपणापासून नाक खुपसायची खोड. गिरगावात शेजारी पाहुणे कोण आले, का आले, हे घरात सगळ्यांत आधी तिला कळायचं. पुढे ती परळच्या एका रुग्णालयात मेंदूच्या विभागात डॉक्टर म्हणून लागली आणि त्या खोडीला पगार मिळू लागला.

दोन हजार वीसच्या आंबेडकर जयंतीला, दुपारी बारा वाजता, काळाचौकीहून बाबुराव कांबळे आले. वय अडुसष्ट, उजवा हात-पाय लुळा, वाचा बंद, तोंडावर घट्ट मास्क. सोबत सून नम्रता. "रात्री चांगले झोपले, सकाळी उठवायला गेले तर असेच," असं तिने सांगितलं आणि केसपेपरवर ते तसंच उतरलं. तिथेच घोडं अडलं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. झोपेत कधी आला ते कोणाला ठाऊक? स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, औषध कपाटात होतं, आणि केवळ वेळ माहीत नाही म्हणून हा माणूस जन्मभर अंथरुणाला खिळणार. ऋग्वेदाला याचा मनस्वी राग आला.

चेहरा वाकडा झालाय का ते बघायचं तर मास्क काढायला हवा, आणि कोरोनाच्या त्या दिवसांत दुसऱ्याचा मास्क काढायला भलेभले कचरत. सकाळपासून कोणी काढलाच नव्हता. ऋग्वेदा त्या प्लास्टिकच्या झग्यात घामाघूम झाली होती. तिने वाकून मास्क खाली केला आणि बघतच राहिली. डावा गाल गुळगुळीत होता, उजव्यावर साबण वाळला होता.

झोपलेल्या माणसाची अर्धी दाढी कोण करतं?

तिने शर्टाची कॉलर उलटली. आत बारीक कापलेले केस, मानेवर पावडर. मुंबईतली झाडून सगळी सलून तीन आठवडे बंद होती. विभागातल्या पोरांची डोकी नुसती जंगलं झाली होती, आणि यांची मान कशी नुकती कोरल्यासारखी!

ती तडक बाहेर गेली.

"नम्रताताई, बाबांचे केस कोणी कापले?"

नम्रताचे डोळे भरले. "मॅडम, आमची चाळ सील आहे. खाली पोलीस बसलेत. बाहेरचा माणूस वर आला हे कळलं तर त्याच्यावर केस टाकतील ना."

"मला फक्त वेळ सांगा. बाबांचा हात-पाय त्यावर आहे."

"जयंतीला असा दाढी वाढलेला बुद्धवंदनेला बसणार नाय म्हणून हटूनच बसले. मग नाक्यावरचा सलूनवाला वीरेंद्र मागच्या जिन्याने आला. मी खाली नळावर होते. वर आले तर हे असे, आणि तो पळालेला." तिने फोन लावून ऋग्वेदाच्या हातात दिला.

पलीकडून वीरेंद्र भडाभडा बोलत सुटला. "नऊ वीस, मॅडम. साडेनऊला मोबाईलवर वंदना होती ना, सारखं टाइम विचारत होते. 'विऱ्या, दहाच मिनिटं राहिली रे' म्हणाले. एकदम क्लियर. आणि लगेच हात खाली पडला. मी घाबरलो हो. चुकलं माझं."

घड्याळात पाऊण झाला होता. अजून वेळ होता! पण वरिष्ठ डॉक्टर अभय सर मानेनात. "घरचे आधी एक सांगतात, मग दुसरं. ज्याने पाहिलं त्याचं नाव पेपरवर हवं. निनावी माणसाच्या शब्दावर मी हे औषध देणार नाही."

त्यांचंही खरं होतं. ऋग्वेदाने फोन पुन्हा कानाला लावला. "वीरेंद्रदादा, नाव लिहावं लागेल. पूर्ण."

पलीकडे एक लहान मूल रडत होतं. दुकान बंद, त्यात पोलिसांचं लचांड. नाही म्हणाला असता तरी त्याला दोष कोण देणार होतं? ऋग्वेदाचा जीव टांगणीला लागला.

"लिहा," तो म्हणाला. "वीरेंद्र पांडुरंग चव्हाण. मोबाईल नंबरपण घ्या."

एक वाजता इंजेक्शन सुरू झालं. दोनच्या सुमारास उजव्या हाताची बोटं हलली, आणि ऋग्वेदाला हसू आणि रडू एकदमच आलं. संध्याकाळी बाबुरावांची जीभ थोडी वळली. काय म्हणतात ते ऐकायला तिने कान अगदी जवळ नेला. दिवसभर तोंडातून शब्द न फुटता ते एकच गोष्ट घोकत पडले असावेत.

"विऱ्याला... पकडला नाय ना?"