रात्रपाळीचे पडदे

एजंटाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका सोळा फुटी पडद्याच्या चुण्या मोजत होते. चुण्या मोजताना मी कुणाशी बोलत नाही, पण हा माणूस उत्तराची वाट बघणाऱ्यांतला नव्हता.

"तिसरा मजला, चार खिडक्या. असं काहीतरी लावा की बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. घराचा भाव चढला पाहिजे."

"घर कुणाचं?"

"म्हातारा-म्हातारी. आठ महिन्यांत सात गिऱ्हाइकं आली, सातही परत गेली. काकूंना जिने चढवत नाहीत. लेकीच्या शेजारी तळमजल्यावरचं एक घर ठरलंय, पण तो मालक पुढच्या महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे. तोवर हे विकलं नाही, तर ते गेलं. आणि हो, जायचं ते संध्याकाळी पाचनंतर. दिवसा त्यांना चालत नाही."

दिवसा का चालत नाही, हे त्याने सांगितलं नाही. त्याला ते विचारावंसंही वाटलं नव्हतं. मला मात्र चुण्यांचा आकडा तिथेच विसरायला झाला. नसत्या चौकशा करायची ही माझी खोड जुनी आहे. माझी आई म्हणायची, हिला पडद्यापेक्षा पडद्याआड काय आहे यातच जास्त रस. जित्याची खोड, काय करणार!

पाचनंतर एजंटाबरोबर गेले. बासष्ट पायऱ्या. दारावरच्या घंटीला कापडाची घडी बांधलेली, त्यामुळे दाबली तरी नुसती घुर्र झाली. काकूंनी दार उघडलं आणि "या" म्हणाल्या ते इतक्या हळू, की मीही आपोआप दबक्या आवाजात बोलू लागले. आत काका टेबलाशी पेपर वाचत बसले होते. तेही कुजबुजत "बसा" म्हणाले. खुर्चीच्या पायांना खालून जाड कापड चिकटवलेलं. भिंतीवर घड्याळ होतं, पण टिकटिक न करणारं. आणि बाहेर चांगलं लख्ख ऊन असताना घरात ट्यूबलाइट लागलेली!

पडदे बघून तर मी थक्कच झाले. गडद तपकिरी, मागे दुहेरी अस्तर, आणि कडा चिकटपट्टीने थेट भिंतीला चिकटवलेल्या. फट म्हणून कुठे नाही. पंचवीस वर्षांच्या धंद्यात मी इतका घट्ट बंदोबस्त फक्त फोटो धुण्याच्या खोलीत पाहिला होता.

मनात म्हटलं, सात गिऱ्हाइकं पळाली ती उगीच नाही. कुणाला वाटलं असेल घरात आजारी माणूस आहे, कुणाला वाटलं असेल मागे भिंत चिरलेली आहे. घर घ्यायला आलेला माणूस आधी खिडकीकडे जातो आणि पडदा सरकवतो. इथे पडदा सरकतच नव्हता. मी एक कड जरा उचलायला गेले, तर काकू पटकन म्हणाल्या, "राहू द्या हो."

एजंट माझं नमुन्यांचं पुस्तक उलटत बसला होता. त्याने मखमलीच्या पानावर बोट ठेवलं. मरून रंग, सोनेरी गोंडे. "एकदम रॉयल!"

"आठ बाय दहाच्या खोलीत?" मी म्हटलं. "नाकापेक्षा मोती जड. घेणारा पडदा विकत घेत नसतो, खिडकी घेतो."

"मॅडम, लोकांना भपका लागतो."

"लोकांना आपलं सामान कुठे ठेवायचं ते दिसावं लागतं. आणि मी दिवसाचा उजेड बघितल्याशिवाय कापड ठरवत नाही. उद्या सकाळी येते."

काकूंचा चेहरा उतरला. "सकाळी नको. ह्यांची झोप असते."

काकांनी पेपरातून डोकं वर केलं, बायकोकडे बघून हसले आणि पुन्हा पेपरात शिरले.

जिना उतरताना मी एजंटाला धरलं. काका काय करायचे? तर ब्रेडच्या कारखान्यात भट्टीवर. अठ्ठावीस वर्षं रात्रपाळी.

"मग अजून जातात?"

"छे! रिटायर होऊन दोन वर्षं झाली."

दोन वर्षं घरी असलेला माणूस दिवसा का झोपतो? आणि दिवसा झोपतो, तर रात्रभर काय करतो? त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले, आवराआवर केली, झोपले, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. यात काकूंच्या गुडघ्यांची काळजी किती आणि माझी उत्सुकता किती, हे मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी तिथे हजर. कारण म्हणून सांगितलं, की काल घेतलेल्या मापाचा कागद हरवला. आयुष्यात माझा मापाचा कागद कधी हरवलेला नाही.

काकूंनी ओठावर बोट ठेवून मला आत घेतलं आणि सरळ स्वयंपाकघरात नेलं. तिथेही पडदा. कोपऱ्यात एक छोटा दिवा लावून त्या वाचत बसल्या होत्या. आम्ही शाळेतल्या चोरट्या पोरींसारख्या कुजबुजू लागलो.

"अजून दिवसा झोपतात?"

"साडेबारापर्यंत. रात्रीही झोपतात म्हणा, पण अठ्ठावीस वर्षांचं अंगवळण आहे ते. एवढी वर्षं भट्टीसमोर काढली, आता झोपू देत की."

"आणि तुम्ही?"

"मी काय, बसते इथे. सवय झालीय. लेक लहान होती तेव्हा तिला उशीत तोंड खुपसून हसायला शिकवलं होतं मी." त्या हे कौतुकाने सांगत होत्या. "कपडे आपटायचे नाहीत, फोडणी दार लावून घालायची. पडदे मीच शिवले. दोनदा बदलले. आधीच्यांतून बारीक उजेड यायचा."

म्हणजे माझ्या धंद्यातलं इतकं चोख काम या बाईने घरबसल्या केलं होतं! मी शिवण उलटी करून बघितली. टाके एकसारखे, आणि पडदा हलू नये म्हणून खालच्या दुमडीत शिशाचे मणी घातलेले. मी मनापासून दाद दिली, तशी काकू लाजल्या.

मग माप घ्यायचं नाटक पुरं करावं म्हणून मी टेप काढला. पोलादी टेप. ओट्यावर टेकवून ओढला, आणि घामेजल्या बोटांतून तो निसटला. सर्रकन आत गेला आणि खाडकन फरशीवर आपटला.

काकूंनी डोळे मिटून घेतले.

आतल्या खोलीतून लगेच आवाज आला, "काय पडलं गं?"

आवाज झोपेतून दचकलेल्या माणसाचा नव्हताच. बँकेच्या खिडकीशी उभा राहून माणूस बोलतो, तसा स्वच्छ आवाज. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्या पुढे आणि मी मागे, अशा आम्ही त्या खोलीच्या दाराशी गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण मला कुणी थांबही म्हटलं नाही.

काकूंनी दिवा लावला. काका पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. केस विंचरलेले, शर्टाची बटणं लावलेली, मांडीवर हात. चादरीची घडी पायथ्याशी.

"तुम्ही झोपला नव्हतात?"

"नाही."

"केव्हापासून जागे आहात?"

"सहा वाजल्यापासून."

"आज?"

काकांनी हात चोळले. "रोजच. रिटायर झालो तेव्हापासून."

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. "मग उठत का नाही?"

"तुला सकाळची शांतता लागते ना. एवढी वर्षं बघतोय, किती जपतेस. मला वाटलं, तेवढाच वेळ तुझा स्वतःचा. मी उठलो, की चहा दे, पाणी दे, तुझी धावपळ सुरू होणार. म्हणून पडून राहायचो."

"मला शांतता लागते?" काकूंचा आवाज चढला. अख्ख्या घराने तो आवाज पहिल्यांदाच ऐकला असावा. "अहो, मी तिथे खांबासारखी बसून असते! तुमची झोप मोडू नये म्हणून! पान उलटताना जीव मुठीत धरते मी!"

"मला काय माहीत?"

"विचारायचं!"

"तू तरी कुठे विचारलंस?"

दाराशी उभी राहून मी टेपचं बटण उगीचच दाबत होते. मला दोघांचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

मग काकूंनी विचारलं, "सहा ते साडेबारा काय करत होतात हो अंधारात?"

"पाढे म्हणायचो. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत आलोय."

काकू हसल्या. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, आणि मग हात काढून खदाखदा. काकाही हसू लागले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

त्यानंतर मी कुणाची परवानगी घेतली नाही. स्टूल ओढलं आणि पुढच्या खोलीतला पहिला पडदा उतरवायला घेतला. चिकटपट्टी भिंतीचा रंग घेऊन निघत होती. काका खालून धरत होते. शेवटची कड सुटली आणि उजेड असा भसकन आत आला, की तिघांनीही तोंड फिरवलं.

खिडकी पूर्वेची. बाहेर दोन झाडांचे शेंडे, त्यापलीकडे शाळेचं मैदान, आणि वळण घेऊन टेकडीकडे चढणारा रस्ता. ऊन सरळ टेबलापर्यंत आलेलं.

काकू खाली बघत होत्या. "अगंबाई, ही फरशी हिरवी आहे?"

"घेतली तेव्हा हिरवीच होती," काका म्हणाले. "मी राखाडी समजायला लागलो होतो."

कापड ठरवायचा माझा नियम म्हणजे दोन तास खोलीत नुसतं बसायचं. बसले. ऊन बारापर्यंत टिकत होतं. मग सांगितलं, पातळ सुती कापड, सायीच्या रंगाचं, चारही खिडक्यांना एकच. रॉड छताजवळ आणि दोन्ही बाजूंना खिडकीपेक्षा वीतभर लांब, म्हणजे बाजूला सारलेला पडदा भिंतीवर राहील, काच पूर्ण मोकळी दिसेल. पडदा जमिनीपर्यंत. स्वयंपाकघरात काहीच नको.

एजंट ऐकून वैतागला. इतकं साधं? मी म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं चाललंय तुमचं. घरातली सगळ्यात महागाची वस्तू झाकून ठेवलीत आणि आठ महिने भाव कापडात शोधताय. आता गिऱ्हाईक सकाळी दहाला आणा.

पडदे लागायच्या आधीच घरात गंमत सुरू झाली होती. मी रॉड ठोकायला गेले, तेव्हा खिडकीशी दोन खुर्च्या लागलेल्या. काकू मला बोटाने दाखवत होत्या, ती शिंप्याची गच्ची, ती रोज साडेदहाला जाणारी पिवळी मोटार, तो कुत्रा रोज त्याच भिंतीवर झोपतो. "तुम्हाला माहीत होतं, इथून टेकडी दिसते?" त्या मलाच विचारत होत्या. खुर्च्यांचं कापड काकांनी काढून टाकलं होतं. खुर्ची सरकवली की फरशीवर कर्र वाजायचं आणि दोघं खूश व्हायचे.

उजेड आत आल्याला अकरावा दिवस, सकाळी दहा. मी एका पडद्याची दुमड सुधारायला आले होते, तेवढ्यात एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. एक शाळामास्तरीण आणि तिची आई. मास्तरीण सरळ खिडकीशी गेली, पडदा बोटभर सरकवला आणि उभी राहिली. तिने नळ सोडून बघितला नाही, की भिंत ठोकून बघितली नाही. दहा मिनिटांनी आईकडे वळून म्हणाली, "हेच घेऊ या."

एजंटाला तर आकाश ठेंगणं झालं. मागितलेल्या भावात घर गेलं होतं, आणि महिनाअखेरीला अजून तीन आठवडे होते. "ताबा आठ दिवसांत देतो!" तो परस्पर म्हणाला. "काकू, वाचलात!"

काकू खिडकीशेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

काकांनी ते बघितलं. जवळ जाऊन जुन्या सवयीने कुजबुजले, "नको असेल तर नको. राहू या इथेच. खालची सगळी कामं मी करीन, तुला जिना उतरायला लावणार नाही."

"परत तेच?" काकू मोठ्याने म्हणाल्या. एजंट, मास्तरीण, तिची आई सगळे वळून बघू लागले. "परत माझ्या मनातलं तुम्हीच ठरवताय? मला विचारा."

काका गोंधळले. मग नीट उभे राहिले आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "तुला काय हवंय?"

"मला जायचंय. गुडघे फार दुखतात, आणि लेक जवळ हवी आहे. आणि मला इथून जायचं नाहीये. दोन्ही खरं आहे." त्यांना रडू फुटलं, पण त्यांनी तोंडावर हात नेला नाही. "तीस वर्षं राहिले मी या घरात. बघितलं फक्त अकरा दिवस."

मास्तरणीच्या आईने पुढे होऊन त्यांचा हात धरला. मास्तरीण एजंटाला म्हणाली, "आम्हाला आठ दिवसांत नको. महिनाअखेरीला द्या."

काकूंनी डोळे पुसले आणि मनात उरलेले दिवस मोजले. एकवीस भरले. मग त्या काकांना म्हणाल्या, की पाहुण्यांना खुर्च्या द्या, मी चहा टाकते.