पंगतीतलं लख्ख ताट

सिनेमा निजामाच्या काळातला होता आणि शूटिंग आमच्या रेणापूरजवळच. आमची लेक जगदेवी त्यात कामाला होती. एका शॉटमध्ये माणसाच्या डाव्या हातात तांब्या असेल, तर पुढच्या शॉटमध्ये तो उजव्या हातात जाऊ द्यायचा नाही, हे तिचं काम. घरी स्वतःचा चष्मा कुठं ठेवला ते न आठवणारी पोरगी हे करती, याचंच मला नवल. पण पहिलाच सिनेमा. चूक राहिली तर पुन्हा कोण बोलावणार, या धास्तीनं ती अर्धी झाली होती.

त्या दिवशी एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घरची पंगत काढायची होती. माणसं कमी पडली, म्हणून तिनं तिच्या अप्पांना, म्हणजे आमच्या मालकांना, दुकान बंद करून आणलं. धोतर-पटका घरचाच. मीही बघायला मागोमाग गेले. बजावलं, की दोन घास खायचे आणि ताट तसंच ठेवायचं. कॅमेरा दुसऱ्या बाजूला नेऊन तेच पुन्हा काढायचं असतं.

मालकांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. कॅमेरा हलेपर्यंत पोळी, भाजी, गव्हाची गोड हुग्गी सगळं संपवून, ताट धुऊन ते पाणीही पिऊन बसले. शेजाऱ्यांची ताटं भरलेली, यांचं लख्ख.

पुन्हा वाढलं. पुन्हा लख्ख.

या काकांना उठवा, असं दिग्दर्शक म्हणाला. उठवलं तर पंगत बसतानाच्या शॉटमधला माणूस जेवताना गायब होईल, हे जगदेवीनंच त्याला सांगितलं. मग निस्तर, अशा नजरेनं तो तिच्याकडं बघत राहिला.

ती अप्पांपुढं उकिडवी बसली.

"अप्पा, अर्धी पोळी तरी ठेवा. माझं काम जाईल."

"देवाला दाखवलंय, बाई. आता प्रसाद हाय तो. टाकून कसा उठू?" म्हणाले खरं, पण तोंड उतरलं होतं.

जगदेवीनं स्वतःचं बोट वर करून दाखवलं. "टाकू नका. सगळं खा. फक्त मी बोट वर केलं की एकच घास."

दिग्दर्शकाला तिनं पटवलं, की आधी भरल्या ताटाचे सगळे शॉट दोन्ही बाजूंनी काढू, मग अर्ध्याचे, शेवटी रिकाम्याचे. अख्खी पंगत अप्पांच्या चालीनं जेवली. ती कॅमेऱ्याच्या पायाशी बसून बोट वर करायची. लहानपणी ही जेवायची नाही, तेव्हा मालक असंच समोर बसून बोट दाखवायचे.

लातूरला सिनेमा लागला तेव्हा आम्ही तिघं गेलो. ताट कुठंच चुकलं नव्हतं. तरी जगदेवीनं कपाळावर हात मारला. बाकीचे आपापल्या ताटात बघत होते, आणि अप्पा प्रत्येक घासाआधी मान वळवून खाली, पडद्याबाहेर. निजामाच्या काळातला माणूस, जीन्स घातलेल्या पोरीच्या बोटाकडं.

"हे मला कसं दिसलं न्हाई," ती पुटपुटली.

"तू ताट बघत व्हतीस," मालक म्हणाले. "मी तुला."